एक तास चार मिनिटांनी दोन ठोके

माझी बायको वारल्यानंतर आठ महिन्यांनी एका चौतीस वर्षांच्या लिफ्ट मेकॅनिकच्या प्रेमात पडली. हे सगळ्या शहराने पाहिलं. सगळ्या म्हणजे, एकशेदहा खुर्च्यांच्या थिएटरात जेवढं मावलं तेवढ्या शहराने. मी दुसऱ्या रांगेत होतो आणि माझ्या शेजारी माझी मेहुणी.

"भावोजी," दिवे लागल्यावर मेहुणी म्हणाली, "ताईने हे करायला नको होतं."

"काय केलं तिने? पायरीवर बसली."

"तेच म्हणते मी."

हे कसं झालं ते सांगतो. मी एकेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर वर्षभराने एक तिशीतली बाई माझा पत्ता शोधत घरी आली. केस बारीक कापलेले, खांद्यावर पिशवी, हातात वही. ती सिनेमा काढणार होती. एका जुन्या चार मजली इमारतीची लिफ्ट बंद पडते. ती दुरुस्त करायला एक तरुण मेकॅनिक येतो. काम महिनोन्महिने चालतं आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या साठीच्या बाईचं त्याच्याशी जमतं. जमतं म्हणजे दोघं रोज दुपारी पायरीवर बसतात. बाईचा नवरा घरात असतो, पण तो दिसत नाही, नुसता खोकतो.

मी विचारलं, "महिनोन्महिने कशाला लागतात? बिघडलंय काय?"

"तेच तुमच्याकडून हवंय, काका. असं काय बिघडतं की लवकर दुरुस्तच होत नाही?"

मी म्हटलं, "सुटे भाग आले नाहीत तर."

तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढे एका समीक्षकाने लिहिलं की कधीच न येणारे सुटे भाग हे या सिनेमाचं काळीज आहे. मी ते कात्रण कापून ठेवलं आहे.

माझ्याकडे दोन कामं होती. नटाला पाना धरायला शिकवायचं आणि शॉट चालू असताना लिफ्टची केबिन वर-खाली करायची. इमारत खरीच जुनी होती. लिफ्टला चारी बाजूंनी लोखंडी जाळी आणि जिना त्या जाळीभोवती वळत वर जायचा. मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, कॅमेऱ्याच्या मागे, बटणांची पेटी हातात घेऊन उभा राहायचो. दुसरं काम नीट झालं. पहिलं झालं नाही. तो नट शेवटपर्यंत पाना चमच्यासारखा धरत होता.

बाईच्या भूमिकेसाठी एक नाव असलेली नटी आणली होती. दोन दिवस पायरीवर बसल्यावर तिचा गुडघा धरला आणि ती गेली ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो. आमची ही तो घेऊन आली. लिफ्ट शूटिंगसाठी अडवलेली, म्हणून तीन मजले चढून आली. आली ती सरळ पायरीवर बसली, धापा टाकत मला म्हणाली, "स्वतःचे डोळे घरी विसरायचे आणि लोकांच्या लिफ्टा चालवायच्या."

दिग्दर्शिका वहीत काहीतरी लिहीत होती. तिने वही बंद केली.

"काकू, पुन्हा असंच बसाल?"

"अगं, आधी मला बसू तर दे."

अशी आमची ही नटी झाली. तिने कधी शाळेच्या नाटकातही काम केलेलं नव्हतं. दिग्दर्शिकेने सांगितलं, काकू, काही करायचं नाही, फक्त बसायचं. ही म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हे सांगतंय.

आता माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. आमच्या धंद्यात एक सवय लावून घ्यावी लागते. केबिन हलवायच्या आधी जाळीवर पान्याने दोनदा ठोकायचं. खाली लिफ्टच्या खड्ड्यात कोणी काम करत असेल तर त्याला कळतं, आता हलणार, बाजूला हो. माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हाक मारू नकोस. हाक मारली की माणसाला वाटतं दुसऱ्या कोणाला बोलावतायत. लोखंड वाजलं की प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच. ही सवय हातात इतकी मुरली की घरी बेल असूनही मी दार दोनदा ठोकायचो. ही कधी कोण आहे म्हणून विचारायची नाही.

पाचव्या दिवशीचा शॉट मुका होता. हिने आणि नटाने पायरीवर बसायचं आणि मागून केबिन हळूहळू खाली जायची. दिग्दर्शिकेने सगळ्यांना बजावलं होतं, श्वाससुद्धा जपून घ्या. तिने हात वर केला, मी बटणावर अंगठा ठेवला आणि डोक्याला कळायच्या आत दुसऱ्या हाताने जाळीवर दोन ठोके मारले.

ही वळली. कॅमेऱ्याच्या बाजूने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मग पुन्हा त्या नटाकडे वळून बसली.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. "कोणी काय पाडलं?"

मी पाना खिशात घातला आणि छताकडे बघत राहिलो. एकेचाळीस वर्षांत मी कामातली चूक कोणापासून लपवली नव्हती. त्या दिवशी लपवली. घरी जाताना ही म्हणाली, "ठोकल्याशिवाय राहवलं नाही ना?"

"सवय."

"मला पण," ती म्हणाली.

शूटिंग संपल्यावर पाच महिन्यांनी ही गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, आणि उठली नाही. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

सिनेमा लागला तेव्हा मला कळलं की दिग्दर्शिकेने तो शॉट ठेवला होता, ठोक्यांसकट. सात सेकंद. एक तास चार मिनिटांनी येतो. घरी हिचे फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोत ती फोटो काढणाऱ्याकडे बघते, आणि फोटो नेहमी मेहुणीचा नवरा काढायचा. हलणारी, वळणारी आणि माझ्याकडे बघून हसणारी ही, असं जगात तेवढंच आहे. बाकी सिनेमाभर ती पाना चमच्यासारखा धरणाऱ्या माणसाकडे बघते.

मी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला. तिकीट फाडणारा एकदा म्हणाला, "काका, आहे काय एवढं त्यात? मला दहा मिनिटांत झोप लागते."

"लागू दे," मी म्हटलं. "एक तास चार मिनिटांनी उठत जा."

समीक्षा येऊ लागल्या तशा मी त्या वाचू लागलो. मला सवय नव्हती. लिफ्टच्या माहितीपुस्तकात एक वाक्य एकच गोष्ट सांगतं. इथे एक वाक्य चार गोष्टी सांगायचं आणि पाचवी लपवायचं. एकाने लिहिलं होतं की नायिकेचा जड श्वास हा दाबलेल्या वासनेचा आवाज आहे. तो तीन मजल्यांचा होता. दुसऱ्याने लिहिलं की ती हातातला ग्लास पुन्हा पुन्हा उजेडात धरते, यात तिचं सगळं रिकामं आयुष्य दिसतं. ग्लास घाण होता. सेटवरचे सगळेच ग्लास घाण होते, ही त्यावरून रोज बोलायची. तिसऱ्याने लिहिलं की न दिसणारा, खोकणारा नवरा म्हणजे मरू घातलेली व्यवस्था. मेहुणीने हे वाचलं आणि मला विचारलं, "भावोजी, तुम्हाला खोकला कधी होता?"

शेजारचे एक गृहस्थ जिन्यात भेटले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "धीर धरा." हिच्या जाण्याबद्दल की सिनेमाबद्दल, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण भांडण पेटलं ते त्या सात सेकंदांवरून. एक दाढीवाले समीक्षक होते, त्यांचं लिहिलेलं थिएटरवाले फार मानतात. त्यांनी लिहिलं, सिनेमा चांगला आहे, पण एका जागी सपशेल आपटतो. कुठूनतरी काहीतरी पडल्याचा आवाज येतो, नवखी नटी गडबडून सेटवरच्या कोणाकडे तरी बघून हसते, आणि अशी ढोबळ चूक दिग्दर्शिकेने तशीच ठेवली आहे. दुसऱ्या आठवड्यात लाल चष्म्याच्या एका समीक्षक बाईंनी उत्तर दिलं. त्यांच्या मते संपूर्ण सिनेमा त्या सात सेकंदांसाठी काढला आहे. ते दोन ठोके म्हणजे मृत्यूने दारावर मारलेली थाप, आणि नायिका त्याच्याकडे बघून हसते.

हे मी बसून वाचलं. मग पाणी प्यायलो.

मग एके दिवशी सकाळी दिग्दर्शिका घरी आली. स्वयंपाकघरात, हिच्या स्टुलावर बसली. मी चहा ठेवला.

"काका, सिनेमा मोठ्या थिएटरांत लावायचं म्हणतायत. पण निर्मात्याने दाढीवाल्यांचं वाचलंय. तो म्हणतो, ते सात सेकंद काप."

"तू काय म्हणतेस?"

"मला ती जागा आवडते. पण का आवडते ते सांगता येत नाही. तो आवाज कशाचा होता हेही मला माहीत नाही. निर्मात्याला कारण लागतं." तिने चहात साखर घातली आणि ढवळतच राहिली. "शनिवारी दुपारी फिल्म क्लबात चर्चा आहे. दोघं समीक्षक येणार, निर्माताही येणार. त्यानंतर ठरवू. तुम्ही या. घरचे म्हणून."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण विचार करा. आत्तापर्यंत ती चूक असल्याचा फक्त संशय होता. मी तोंड उघडलं की पुरावा झाला. पुराव्यानिशी सिद्ध झालेला बिघाड कोणी ठेवतं का? मी स्वतः ठेवला नसता.

म्हणून मी ठरवलं की लाल चष्म्याच्या बाईंच्या बाजूने बोलायचं. त्यांचा तो परिच्छेद पाठ करायला घेतला. मेहुणी कात्रण हातात धरून समोर बसायची आणि मी हात मागे बांधून म्हणायचो.

"'ही नजर पडद्याबाहेरच्या, अनुपस्थित तिसऱ्याची...'"

"पुढे?"

"'...अनुपस्थित तिसऱ्याची नैतिक...' थांब. सांगू नकोस. 'नैतिक उपस्थिती अधोरेखित करते.'"

"अनुपस्थिताची उपस्थिती म्हणजे काय हो भावोजी?"

"माहीत नाही. कापू नका, असा त्याचा अर्थ आहे."

"मग तसंच म्हणा ना."

"तसं म्हटलं तर कोण ऐकेल?"

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. फिल्म क्लब म्हणजे एका वाचनालयाच्या वरची खोली, साठेक खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा. सिनेमा दाखवला. एक तास चार मिनिटांनी मी नेहमीप्रमाणे पुढे सरकून बसलो. मग दिवे लावले आणि मंचावर चार खुर्च्या मांडल्या. दिग्दर्शिका, दाढीवाले, लाल चष्मा आणि मी. निर्माता मागच्या रांगेत बसून फोनमध्ये बघत होता.

दोघा समीक्षकांनी अर्धा तास एकमेकांना खाल्लं, पण इतक्या अदबीने की घास दिसत नव्हता. दाढीवाले म्हणाले, "बाईंची कल्पनाशक्ती दिग्दर्शिकेपेक्षा मोठी आहे." लाल चष्मा म्हणाल्या, "सरांना मृत्यू दिसला नाही, कारण तो तळटीप देऊन आला नाही." लोक खूष होते. मग दिग्दर्शिकेने माझ्याकडे माईक दिला. "काका, काकूंबद्दल काही बोला."

मी उभा राहिलो.

"ही नजर," मी सुरुवात केली, "पडद्याबाहेरच्या, अनुपस्थित तिसऱ्याची नैतिक..."

इथवर आलं. पुढचं गेलं. मी मेहुणीकडे बघितलं. ती तिसऱ्या रांगेतून ओठ हलवून सांगत होती, पण मी चष्मा पुन्हा घरी विसरलो होतो.

"नैतिक," मी म्हटलं. "नैतिक आहे."

लाल चष्म्याच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. आपलंच वाक्य आहे हे त्यांना कळलं असावं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं हेही. दाढीवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही तर शूटिंगला हजर होतात ना? लिफ्ट तुम्हीच चालवत होतात?"

"हो."

"मग एवढंच सांगा. तो आवाज कशाचा होता?"

मला बाकी कशावरही खोटं बोलता आलं असतं. नैतिकतेवर तर आत्ताच बोललो होतो. पण लिफ्टवर नाही.

"पान्याचा," मी म्हटलं. "केबिन हलवायच्या आधी जाळीवर दोनदा ठोकायचं असतं. खड्ड्यात माणूस असला तर त्याने बाजूला व्हावं म्हणून. मी ठोकलं. ठोकायला नको होतं, शॉट मुका होता. दिग्दर्शिकाबाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. चूक माझी आहे, त्यांची नाही."

पंखा कुरकुरत होता.

"आणि ती कोणाकडे बघते?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"माझ्याकडे. घरी दारावर मी तसंच ठोकायचो."

दाढीवाल्यांनी दाढीवरून हात फिरवला. आपण जिंकलो हे त्यांना कळत होतं, आणि जिंकल्याचा चेहरा कसा करायचा हे कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे ती चूकच होती."

"चूकच," मी म्हटलं. बोललोच आहे तर सगळं बोलून टाकू असं वाटलं. "पण साहेब, तुम्हाला चुका मोजायच्या असतील तर ती मोजू नका. सिनेमात केबिन सतरा वेळा हलते. त्यातली सोळा वेळा ठोके न मारता हलते. सोळा चुका त्या आहेत. असा मेकॅनिक माझ्या हाताखाली असता तर मी त्याला पहिल्या दिवशी घरी पाठवला असता. खड्ड्यात माणूस असता तर मेला असता. अख्ख्या सिनेमात लिफ्टचं काम बरोबर झालंय ते तेवढ्या एकदाच."

मागच्या रांगेतून निर्मात्याने फोन खाली ठेवला. "म्हणजे हा नियम आहे? सुरक्षेचा?"

"एकेचाळीस वर्षं पाळलेला."

दिग्दर्शिकेने पिशवीतून वही काढली आणि लिहायला लागली. सुट्या भागांच्या वेळी लिहीत होती तशीच.

खाली जिन्यात मेहुणी मला म्हणाली, "एवढं पाठ करून घेतलं माझ्याकडून आणि शेवटी हेच सांगायचं होतं तर." मग दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "ताई तुमच्याकडे बघत होती हे मला आधी सांगितलं असतंत, तर मी गल्लीत एवढं ऐकून घेतलं नसतं."

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शिकेचा फोन आला. "काका, स्टुडिओत या. पाना घेऊन या."

स्टुडिओ म्हणजे गालिचे लावलेली एक खोली, समोर पडदा, मधे जाळीचा एक तुकडा उभा केलेला, वर माईक. काचेमागे आवाजाचं काम करणारा गृहस्थ बसला होता. दिग्दर्शिकेने समजावलं. सतरापैकी ज्या सोळा वेळा केबिन ठोके न मारता हलते, तिथे आता माझे ठोके घालायचे. म्हणजे लिफ्ट हलवणारा जो कोणी आहे तो सुरुवातीपासून नियम पाळतो, बाईला त्या आवाजाची सवय होते, आणि एके दिवशी ती वळून बघते. निर्मात्याला कारण मिळालं होतं.

"आणि मृत्यू?" मी विचारलं.

"तो ज्यांना दिसतो त्यांना दिसू दे."

हेही सांगून टाकतो की नवीन आवृत्ती लागल्यावर दाढीवाल्यांनी लिहिलं, दिग्दर्शिकेने टीका मनावर घेतली आणि आता ती जागा सिनेमातली सर्वांत उत्तम झाली आहे. लाल चष्म्याच्या बाईंनी लिहिलं, समजावून सांगण्याच्या नादात सगळं गूढ मारून टाकलं. दोन्ही कात्रणं मी एकाच पानावर चिकटवली आहेत. सात सेकंद तेच होते, कोणी हात लावलेला नव्हता.

तर स्टुडिओत. काचेमागचा गृहस्थ बोट वर करायचा, पडद्यावर ही पायरीवर बसलेली, मागे केबिन थांबलेली. बोट खाली आलं की मी ठोकायचो. दोनदा. पहिल्यांदा ठोकलं आणि मी हिच्याकडे बघत राहिलो. ती वळली नाही. वळणार कशी, तेव्हा ठोकलंच नव्हतं. मला हे डोक्याने कळत होतं. दुसऱ्यांदा ठोकलं. ती त्या नटाला काहीतरी सांगत होती. तिसऱ्यांदा ती ग्लास उजेडात धरून बघत होती. चौथ्यांदा जरा जोरात ठोकलं, तर काचेमागून आवाज आला, "काका, हळू. माईक फुटेल."

असं दहा वेळा झालं. दहाही वेळा ती वळली नाही.

अकराव्या वेळी मी पाना उचलला तर गृहस्थाने हात आडवा केला. "इथे नको. इथे आधीचाच आहे."

मी पाना खाली घेतला. केबिन थांबलेली होती, ही थांबलेली होती. मग ठोके आले, माझेच, दीड वर्षापूर्वीचे. ती वळली आणि माझ्याकडे बघून हसली.

"पुढचा घेऊ?" गृहस्थाने विचारलं. अजून सहा बाकी होते.

"हा परत एकदा लावा," मी म्हटलं. "आवाज नीट ऐकू आला नाही."

"आवाज तर चांगला आहे, काका."

काचेमागे दिग्दर्शिका त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. त्याने सिनेमा मागे नेला.